एका खोलीतली झोप: प्रकल्प नोंदी, नागपूर २०२४

१२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून ही वही. मंजुरीच्या अर्जात प्रकल्पाचं वर्णन पानंच्या पानं आहे आणि ते वाचून कुणालाही झोप यावी, म्हणून इथे साध्या भाषेत मांडून ठेवते.

नैराश्यावर उपचार चालू असलेली माणसं. गोळ्या वेळेवर घेतात, बऱ्यापैकी सावरली आहेत. रडणं थांबलं, स्वयंपाकात लक्ष लागतं, कामावर जातात. झोप मात्र परत आली नाही. नैराश्य ओसरल्यावर मागे जी लक्षणं रेंगाळतात त्यांत निद्रानाश अगदी वरच्या क्रमांकावर असतो, आणि ज्यांची झोप सुधारत नाही त्यांचा आजार उलटण्याची भीती जास्त. हे सगळ्यांना माहीत आहे. तरी केसपेपरवर झोपेचा निकाल एका शब्दात लागतो: 'कमी'. मग गोळी वाढते.

अशा लोकांसाठी आम्ही निद्रानाशाचा वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी-आय, सहा बैठकांत घेणार. जागा पूर्व नागपुरातल्या एका वस्तीचं समाजभवन. मॅडम मनोविकारतज्ज्ञ म्हणून, मी मानसशास्त्रज्ञ म्हणून आणि वस्तीत वर्षानुवर्षं काम केलेल्या दोन ताई. हा उपचार चालतो की नाही, हा आमचा प्रश्नच नाही. जुनाट निद्रानाशात गोळीच्या आधी हा उपचार द्या, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये सांगितलं, युरोपातल्या निद्रातज्ज्ञांनी २०१७ मध्ये. आमचा प्रश्न एवढाच, की तो इथल्या घरात मावतो का.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

नैतिक समितीपुढे सादरीकरण. एका ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप अपेक्षित होता तोच: नैराश्य नीट बरं करा, झोप आपोआप येईल, त्यासाठी वेगळा उपचार कशाला?

हे मत एकेकाळी पाठ्यपुस्तकातलंच होतं. निद्रानाश 'प्राथमिक' की दुसऱ्या आजारामुळे आलेला 'दुय्यम', असे दोन कप्पे असायचे, आणि दुय्यम म्हटलं की तिकडे बघायचं नाही. २०१३ च्या डीएसएम-५ ने, म्हणजे मनोविकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेनं, ते कप्पे काढून टाकले. आठवड्यातून किमान तीन रात्री, किमान तीन महिने झोपेचा त्रास आणि त्यापायी दिवसाचं नुकसान, एवढं असेल तर निद्रानाश हे स्वतंत्र निदान. सोबत नैराश्य असो वा नसो. सरांना मी २०१७ चा ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाचा अभ्यासही दाखवला. ब्रिटनमधली २६ विद्यापीठं, ३७५५ विद्यार्थी. त्यांतल्या निम्म्यांना इंटरनेटवरून फक्त झोपेचा उपचार दिला. झोप सुधारलीच, पण संशयीपणा आणि भास होण्याचं प्रमाणही कमी झालं. झोपेला हात घातला तर मनावर परिणाम होतो, याचा याहून मोठा पुरावा मी तरी पाहिलेला नाही.

सर म्हणाले, "विद्यार्थ्यांचं ठीक आहे, वस्तीतल्या बायका ऐकतील का?" आक्षेप तिथे सरकला म्हणजे पहिला मान्य झाला असं मी समजते.

दोन अटी घातल्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांची संमती त्रयस्थ साक्षीदारासमोर घ्यायची, आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद झाल्याशिवाय पहिला माणूस घ्यायचा नाही. दोन्ही रास्त.

१३ मार्च, बुधवार

प्रश्नावल्या ठरल्या. निद्रानाशाची तीव्रता मोजायला चार्ल्स मोरिन यांची सात प्रश्नांची मोजपट्टी, गुण ० ते २८. पंधरापासून पुढे मध्यम, बावीसपासून पुढे तीव्र. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली. त्यातला तिसरा प्रश्न झोपेचाच आहे, त्यामुळे झोप सुधारली की नैराश्याचा गुण आपोआप थोडा घसरणार. तो प्रश्न वगळूनही बेरीज करायची, हे आत्ताच लिहून ठेवते. नंतर कुणी विचारलं तर मनात आलं तेव्हा केलं असं वाटायला नको.

खरी कसरत झोपेच्या डायरीची. किती वाजता आडवे झालात, किती वेळानं डोळा लागला, रात्री किती वेळा उठलात, असं रोज सकाळी भरायचं. आणि त्याच वेळी आपण सांगणार की रात्री घड्याळ पाहू नका. शिकलेली माणसं यात अडकतात. ताईंनी सरावासाठी ओळखीच्या चार जणींना विचारलं, त्यांना काहीच अडचण आली नाही. "इतवारीकडली मालगाडी गेली तवा जागीच होती." "नळ यायच्या जरा आधी डोळा लागला." वस्तीत रात्रीला आवाजांच्या खुणा आहेत: गाडी, चौकीदाराची काठी, पहाटेची अजान, दूधवाल्याची फटफटी. डायरीत तासांच्या रेघेखाली या खुणांची चित्रं टाकतोय. अंदाज हवा आहे, अचूक मिनिटं नकोत. तज्ज्ञही तेच सांगतात.

२१ मार्च, गुरुवार

निवड सुरू. निद्रानाश म्हणून पाठवलेल्या प्रत्येकाला निद्रानाशच असतो असं नाही.

एक दादा. थकवा, चिडचिड, कशातच रस नाही, औषधानं फरक नाही. बायको सोबत आली होती म्हणून बरं. "रात्री घोरता घोरता एकदम गप होते. मले वाटते गेला का काय. मंग दचकून उठते अन पुन्हा घोरते." गळ्याचं माप शिंप्याच्या टेपनं घेतलं, रक्तदाब आधीपासूनच आहे. हा स्लीप ॲप्नियाचा संशय: झोपेत घशातला श्वासमार्ग बंद पडतो, प्राणवायू घसरतो, मेंदू दर वेळी जागा करतो. रात्रभराची तपासणी आणि गरज पडली तर सीपॅप, म्हणजे झोपेत हवेच्या दाबानं श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र. आमच्या बैठका त्यांच्या उपयोगाच्या नाहीत, उलट वेळ जाईल. निद्रातपासणीसाठी चिठ्ठी दिली.

दोन बायका संध्याकाळ झाली की पायांत काहीतरी सरपटतं म्हणाल्या. चाललं की बरं वाटतं, पडलं की पुन्हा. अस्वस्थ पायांचा विकार. यात शरीरातला लोहाचा साठा बघायचा असतो, नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही. फेरिटिन लिहून दिलं. त्यातल्या एकीला झोपेसाठी म्हणून मिर्टाझापिन चालू आहे, आणि तेच औषध काहींच्या पायांचा त्रास वाढवतं. मॅडमना लगेच फोन केला.

कोराडीच्या वीज केंद्रात पाळ्यांमध्ये काम करणारे एक भाऊ आले होते. दर आठवड्याला पाळी बदलते. त्यांच्या शरीरातलं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांचं भांडण आहे; त्याला प्रकाशाचं आणि पाळ्यांचं नियोजन लागतं. नाव वेगळ्या यादीत.

सगळ्यांत जपून विचारायचा प्रश्न: "कधी असे दिवस गेले का, की तीन-चार तास झोपूनही एकदम ताजंतवानं, डोक्यात विचारांची गर्दी, पैसा उधळला?" हो म्हणणाऱ्याला आमच्या उपचारातला मुख्य भाग, म्हणजे झोपेची वेळ आवळणं, धोक्याचा. द्विध्रुवी विकारात झोप तोडली तर उन्माद उसळू शकतो. अपस्मार असलेल्यांनाही झोप तोडणं धोक्याचं. असे सगळे मॅडमकडे परत.

८ एप्रिल, सोमवार

पहिली बैठक. उद्या पाडवा, म्हणून कमी येतील असं वाटलं होतं, खोली भरली. पंखा एक, त्याखालच्या जागेसाठी थोडी ओढाताण.

झोप कशी येते ते समजवायचं होतं. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेली दोन प्रक्रियांची कल्पना: जागेपणी साठत जाणारा झोपेचा दाब आणि शरीराचं चोवीस तासांचं घड्याळ. मी ॲडेनोसिनपासून, म्हणजे जागेपणी मेंदूत साठत जाणाऱ्या रसायनापासून सुरुवात केली, चार चेहरे बाहेर बघायला लागले. मोठ्या ताईंनी खडू हातातून घेतला आणि म्हणाल्या, "दिवसभर चिवडा खाल्ला तं रात्री जेवण जाईन का? दुपारी दोन घंटे झोपता, संध्याकाळी टीव्हीपुढे पेंगता, अन रात्री म्हणता झोप नाही." झालं. यापुढे हा भाग ताईच घेतील.

१६ एप्रिल, मंगळवार

दुसरी बैठक. प्रकल्पाचा खरा प्रश्न आज समोर आला.

रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेले नियम: अंथरुणावर फक्त झोपायचं. झोप लागत नसेल तर वीसेक मिनिटांनी उठायचं, दुसऱ्या खोलीत जायचं, पेंग आली की परत यायचं. सकाळी उठायची वेळ रोज एकच. यामागचं कारण पक्कं आहे. तळमळत पडून राहिलं की अंथरुणाचं आणि जागेपणाचं नातं जुळतं, ते तोडायचं.

मी नियम वाचून दाखवला. पाठीमागून एक काकू: "दुसरी खोली हाये कुठी, मॅडम?"

सगळे हसले, मीही हसले, आणि मग कुणी बोलेना. या वस्तीतली घरं बहुतेक एका खोलीची. त्यात सासू, नवरा, दोन पोरं, कूलर, शिलाई मशीन. रात्री अंथरुणं टाकली की पाय ठेवायला जागा नसते. दिवा लावला तर सगळे उठतात. बाहेर ओट्यावर बसायचं? "रात्री दोन वाजता बाई ओट्यावर बसली तं सकाळी सारी गल्ली विचारते, भांडण झालं का?" दुसरी म्हणाली, "माही सासू म्हणन हिला बाहेरचं लागलं." हसण्यावारी गेलं, पण नैराश्याचा शिक्का आधीच लागलेल्या बाईसाठी ही चेष्टा नाही.

बूटझिन यांच्या नियमांत एक घर गृहीत धरलेलं आहे: निजायची वेगळी खोली, तिला दार, दाराबाहेर दिवाणखाना, तिथे मंद दिवा. परदेशातल्या मूळ पुस्तिकेत असं लिहायची कुणाला गरज वाटली नाही, कारण ते घर त्यांना दिसतच होतं.

संध्याकाळी ताईंबरोबर बसले. ताईंनी एक गोष्ट सहज सांगितली आणि माझं डोकं चालायला लागलं: इथे गादी सकाळी गुंडाळून कोपऱ्यात जाते. म्हणजे दिवसा अंथरूण अस्तित्वातच नसतं. पलंगावर लोळणं, पलंगावर जेवणं, पलंगावर फोन, या ज्या सवयी मोडायला बंगल्यातल्या माणसाला आठवडे लागतात, त्या इथे मुळात कमी. नियमाचा निम्मा भाग या घरांनी आधीच पाळलेला आहे. खूण खोलीची नसते, अंथरुणाची असते. तेव्हा खोली बदलायला नको, अंथरूण सोडलं की पुरे. अंथरुणाच्या बाजूला एक वेगळी चटई किंवा पाट कायमचा ठेवायचा. झोप लागत नाही म्हटलं की उठून त्यावर भिंतीला टेकून बसायचं. दिवा नाही, फोन नाही. जपमाळ चालेल, वाती वळणं चालेल, लसूण सोलणंही. पेंग आली की अंथरुणावर.

याला आधार नाही असंही नाही. १९७९ च्या एका प्रयोगात लोकांना उठून जायला न लावता अंथरुणातच बसून वाचायला वगैरे सांगितलं होतं, आणि त्यांचीही झोप सुधारली होती. तेव्हा तो प्रयोग सिद्धांत तपासायला केला होता. आम्हाला तो व्यवहारात कामी येतोय.

आणि पुढच्या बैठकीला सासवांना बोलवायचं. नियम एकटीला देऊन भागणार नाही.

२२ एप्रिल, सोमवार

शुक्रवारी लोकसभेचं मतदान झालं, ताई त्या गडबडीत होत्या, आज आवाज बसलेला. तरी बैठक झाली. सासवा आल्या. एक तर आपलीच झोप मोडते म्हणून तक्रार घेऊन आली आणि शेवटी स्वतःची डायरी मागून गेली.

आज आर्थर स्पिलमन यांची १९८७ ची पद्धत: जेवढी झोप लागते तेवढाच वेळ अंथरुणात. फळ्यावर एका काकूंचं गणित मांडलं. रात्री नऊला आडव्या, साडेपाचला उठतात: साडेआठ तास. डोळा लागतो जेमतेम पाच तास. म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी साठ टक्केसुद्धा झोप नाही. ही कार्यक्षमता ८५ टक्क्यांपर्यंत न्यायची. त्यासाठी आधी अंथरुणातला वेळ कमी करायचा, झोप सलग झाली की हळूहळू वाढवायचा.

"म्हणजे झोप येत नाही म्हणून आली, अन तुम्ही म्हणता कमी झोप?" बरोबर प्रश्न. पहिले दोन आठवडे कठीण जाणार, दिवसा डोळे मिटणार, हे लपवायचं नाही. आम्ही साडेपाच तासांच्या खाली कुणालाच आणत नाही. ऑटो चालवणाऱ्या दोघांना ही पद्धत नाहीच. त्यांची वेळ आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. रस्त्यावर पेंग आली तर कुठला उपचार अन काय.

उठायची वेळ ठरवायला पुस्तकात गजर सांगितलाय. इथे नळ आहे. पावणेपाचला पाणी येतं आणि पाण्याला रविवार नसतो. आजपर्यंत या बायका नळाला शिव्या देत होत्या. ठरलेली उठायची वेळ म्हणून त्याच्यासारखं साधन नाही. पावणेपाचपासून उलटं मोजलं की निजायची वेळ सव्वाअकरा. अडचण सव्वाअकरापर्यंत जागं राहण्याची.

६ मे, सोमवार

डायरीतला कॉफीचा रकाना सगळ्यांचा कोरा. तो काढून टाकला आणि दोन घातले: चहा आणि खर्रा, म्हणजे पन्नीत मिळणारं सुपारी-तंबाखूचं मिश्रण.

चहाचं लोक मोकळेपणानं सांगतात. खर्ऱ्याचं नाही, विशेषतः डॉक्टरीणबाईंपुढे. पुरुषांच्या गटात छोट्या ताईंनी विषय वेगळ्या वाटेनं काढला: "पन्नी रात्री कुठी ठेवता, उशाशी का?" तीन जण एकदम बोलले. जेवणानंतर एक, झोपताना एक, आणि रात्री जाग आली की एक चिमूट गालात. सुपारी, तंबाखू, चुना. निकोटिन मेंदूला जागं करतं. दोनेक तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं आणि मग तलफ माणसाला उठवते. रात्री दोनला जाग येते ती काळजीनं असं हे लोक समजत होते. काळजी आहेच. पण काळजीला दोनचीच वेळ का आवडते, ते आज कळलं.

बायकांमध्ये गुडाखू. दात घासायचं म्हणून दिवसातून चार-पाचदा, रात्रीही. त्यातही तंबाखूच.

सोडाच असं आम्ही सांगत नाही, तो वेगळा आणि लांबचा लढा. झोपायच्या आधीचे तीन तास आणि रात्रीची चिमूट, एवढ्याच दोन गोष्टी. पन्नी उशाऐवजी खुंटीला अडकवलेल्या शर्टात.

२० मे, सोमवार

ऊन. दुपारी समाजभवनात बसवत नाही, बैठक सकाळी साडेसातला घेतली.

झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरायला लागतं. हातापायांच्या कातडीतून उष्णता बाहेर जाते. बाहेरची हवाच तापलेली असेल तर ती जाणार कुठे? नागपुरात मेच्या शेवटी काही रात्री तिशीच्या खाली उतरत नाहीत. म्हणून सध्याच्या डायऱ्या वाईट दिसल्या तरी उपचार फसला असा अर्थ काढायचा नाही, आणि जूनच्या उत्तरार्धात त्या सुधारल्या तर श्रेयही घ्यायचं नाही. मॅडमनी हे दोनदा सांगितलं. रोजचं किमान तापमान आता वहीत वेगळं लिहिलं जातं.

बरीच मंडळी गच्चीवर झोपतात. तिथे पुन्हा साडेपाचच्या आसपास सूर्य डोळ्यांवर. मुंबईपेक्षा इथे उजाडतं जवळजवळ अर्धा तास आधी. पहाटे लवकर जाग येणं हे नैराश्याचं लक्षण म्हणून आपण खूण करतो. गच्चीवरल्या माणसाला आधी विचारायला हवं, की बाबा, डोळ्यांवर ऊन येतं का? तोंडावर ओढणी घेण्याचा सल्ला एकीला लागू पडला. इतका स्वस्त सल्ला मी आजवर दिला नव्हता.

कूलरची टाकी भरण्यावरून रात्रीची भांडणं हा स्वतंत्र विषय. नियम: टाकी निजायच्या अर्धा तास आधी भरायची, कुणी भरायची ते वार लावून. वाळ्याच्या टट्ट्या जुन्या झाल्यात, त्यांचा वास येतो म्हणे.

३ जून, सोमवार

एका भाऊंच्या मुलानं त्यांना मनगटी घड्याळ आणून दिलंय, ते झोप मोजतं. गाढ झोप १८ मिनिटं, असं त्यात दिसलं आणि दोन आठवड्यांत मिळवलेली झोप त्यांनी एका रात्रीत घालवली. ही घड्याळं हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतात. झोपेचे टप्पे खरेखुरे मोजायला डोक्याला, डोळ्यांशी आणि हनुवटीला तारा लावून मेंदूचा आलेख घ्यावा लागतो. झोपेच्या आकड्यांचीच चिंता लागलेल्यांसाठी २०१७ मध्ये संशोधकांनी 'ऑर्थोसोम्निया' असं नावही दिलंय.

समजावणं सोपं गेलं, त्याला कारण गेल्या गुरुवारचं. शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर गाजलं. त्याच दिवशी शहरातली दुसरी केंद्रं ४४ च्या आसपास होती. सेन्सर बिघडलेला. भाऊ म्हणाले, "सरकारचं यंत्र चुकते तं हे तीन हजाराचं काऊन नाही चुकणार?" घड्याळ दिवसा घालतात आता.

२४ जून, सोमवार

गोळ्यांचा दिवस. सर्वांना पिशव्या घेऊन यायला सांगितलं होतं.

अल्प्राझोलम, म्हणजे चिंतेसाठी-झोपेसाठी दिली जाणारी गोळी, बऱ्याच पिशव्यांत. कुणी वर्षभर, कुणी दहा वर्षं. कायद्यानं ही गोळी शेड्यूल एच-१ मध्ये आहे: चिठ्ठी लागते, दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहून ते तीन वर्षं ठेवायचं. तरी शेजारणीची पट्टी उसनी आणणं सर्रास. दोनचार आठवड्यांपुरती दिलेली गोळी राहून जाते, तिचा असर कमी होतो, मात्रा वाढते. आणि सोडायला गेलं की पहिल्या दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. त्यावरून माणूस ठरवतो, 'बघा, गोळीशिवाय मला झोपच नाही.' ती झोप नसते, गोळी सुटल्याची उलटी लाट असते.

एकदम बंद करायची नाही, हे तीनतीनदा सांगितलं. जुनी सवय असेल तर फिटचा झटका येऊ शकतो. मॅडमच्या देखरेखीत थोडी थोडी कमी, महिने लागले तरी चालतील. शिवाय दोघींची फ्लुओक्सेटिन, ही झोप उडवू शकणारी नैराश्याची गोळी, रात्री घेतली जात होती, 'डोक्याची गोळी रात्रीच घ्यायची' या समजुतीनं. सकाळवर आणली.

१५ जुलै, सोमवार

पाऊस. कूलर आता निरुपयोगी, दमट हवेत तो फक्त चिकचिक वाढवतो. पण आवाजाची सवय झालीय म्हणून पाणी न घालता चालू ठेवतात.

आज लिहिणार आहे ते एका बाईंबद्दल, ओळख पटेल असं काही न लिहिता. डायरी व्यवस्थित, नियम सगळे पाळलेले, तरी झोप तीन तासांवर अडकलेली. चटईवर बसून काय करता, विचारलं. म्हणाल्या, "पाऊल वाजते का ते ऐकते." नवरा पिऊन येतो. कधी बाराला, कधी तीनला. आला की काय होईल सांगता येत नाही. पोरीला भिंतीकडे झोपवतात आणि स्वतः दाराकडे.

हा निद्रानाश नाही. जागं राहणं हेच त्या घरातलं शहाणपण आहे. यांना 'अंथरूण म्हणजे सुरक्षित जागा' असं शिकवणं खोटं ठरलं असतं, आणि झोपेचा गुण सुधारला नाही म्हणून 'प्रतिसाद न देणारी रुग्ण' असं वहीत लिहिणं त्याहून वाईट. त्यांच्या बैठका थांबवल्या. मोठ्या ताई त्यांच्यासोबत संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाऊन आल्या; २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ती सोय आहे. महिला मदतीचा १८१ क्रमांक पोरीच्या वहीत लिहून दिला, आईच्या नाही. ते त्यांनीच सुचवलं. सध्या आठवड्यातल्या काही रात्री त्या बहिणीकडे काढतात. तिथे आठ तास झोपतात. कुठल्याही तंत्राशिवाय.

निवडीच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढवला: 'रात्री घरात कशाची भीती वाटते का?' तो एकटीला, सासू-नवऱ्यामागे विचारायचा.

पीएचक्यूच्या नवव्या प्रश्नाला, जगणं नकोसं होण्याच्या, एकानं होकार दिला. ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी मॅडमकडे नेलं, घरच्यांना विश्वासात घेतलं, कीटकनाशकाची बाटली घरातून हलवली. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ क्रमांक आता डायरीच्या प्रत्येक पानावर तळाशी आहे.

४ सप्टेंबर, बुधवार

काल मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक. इतवारी-महालाकडे माणूस मावत नव्हता, म्हणून पाठपुरावा आज. एका काकूंनी येताच जाहीर केलं, "ईडा पीडा, झोपेच्या गोळ्या घेऊन जा गे मारबत, असं ओरडून आली मी." गोळी अजून पाव उरली आहे त्यांची, ओरडण्यात ती धरलेली दिसत नाही.

आकडे संख्याशास्त्राच्या सरांकडे बंद आहेत, ठरल्या वेळेआधी उघडणार नाही. जे दिसतं ते असं. चटईचा नियम टिकला. नळाची वेळ टिकली. दुपारची डुलकी बंद करणं बहुतेकींनी सोडून दिलं, उन्हाळ्यात तर सर्रास. पावणेपाचला उठणाऱ्या बाईला दुपारी अर्धा तासही नाही म्हणणं मलाही जड जात होतं, आता अर्ध्या तासाची मुभा अधिकृत केली. श्वसनाचा आणि शवासनाचा भाग लोकांना सर्वांत आवडतो आणि माझ्या मते त्याचा वाटा सर्वांत कमी. तरी ठेवायचा, कारण त्यासाठी माणसं येतात.

पुरुषांची गळती जास्त. खर्ऱ्याचा विषय निघाल्यानंतर दोघे आलेच नाहीत.

७ ऑक्टोबर, सोमवार

मॅडमच्या ओपीडीत केसपेपरवर झोपेसाठी आता चार ओळी आहेत: किती वाजता पडता, किती वाजता उठता, घोरता का, रात्री काय घेता. दोन मिनिटं जास्त लागतात, रांग ओरडते. मॅडम ऐकत नाहीत.

निधी मार्चपर्यंतचा. त्यानंतर बैठका कोण घेणार यावर आज तासभर वाद. मी म्हणत होते, प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाशिवाय निवड करू नये. ॲप्निया, उन्माद, मारहाण, हे कुणाला तरी ओळखता यायला हवं. मोठ्या ताईंचं म्हणणं, निवड तुम्ही दवाखान्यात करा, बैठका आम्ही बचत गटात घेतो, तिथे बायका तशाही जमतात आणि 'मनाचा दवाखाना' असा बोभाटा होत नाही. शेवटी तसंच ठरलं. छोट्या ताईंनी एक अट घातली: पुरुषांचा गट त्यांना नको, त्यासाठी खर्रा सोडलेला एखादा भाऊ शोधा. दोन नावं आहेत, एकाला विचारलंय.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती दिवाळीआधी छापायची. 'दुसऱ्या खोलीत जा' हे वाक्य सगळीकडून काढलं, एका तक्त्यात राहिलंय ते काढायचं. अंथरूण, चटई आणि भिंत यांचं चित्र ताईंच्या मुलानं काढलंय, त्यात बाईच्या बाजूला कूलरही हवा म्हणे. गुडाखूचं पान वेगळं. उन्हाळ्याचे नियम मधल्या पानावर, म्हणजे पुस्तिका उघडली की तेच समोर येईल.